राजमतीची खिडकी

कॉम्प्युटरच्या क्लासात नवी बॅच आली की सुयोग मगदूम पहिल्याच तासाला एक भाबडा प्रश्न विचारायचा. "समजा, तुम्हाला घर रंगवून घ्यायचंय. घर उचलून रंगाऱ्याच्या दारात नेता का?" सगळे हसायचे. "नाही ना? त्याला चिठ्ठीवर पत्ता लिहून देता. तो येतो, रंगवतो, जातो. पॉइंटर म्हणजे तेवढंच. पत्त्याची चिठ्ठी."

मग तो फळ्यावर एक बटण काढायचा. बटण दाबलं की एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, जागं होतं, ते दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. एक खिडकी उघडतं, एक तिच्यात अक्षरं लिहितं, एक रंग भरतं. पण मूळ वस्तू डोक्यावर घेऊन कुणीच हिंडत नाही. जो तो पुढच्याच्या हातात चिठ्ठी सरकवतो. "म्हणून जपा," सुयोग बजावायचा. "चिठ्ठ्या दहा असल्या तरी घर एकच असतं. एकानं भिंत पाडली की दहाही जणांची पडली."

बावीस वर्षं त्यानं हे शिकवलं. घसा कोरडा होईस्तोवर शिकवलं. आणि तरी जे झालं ते त्याच्याच हातून झालं.

ही गोष्ट २०४४ सालची. सांगलीत, मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याला 'दुवा' नावाचं केंद्र होतं आणि शिकवण्याच्या जोडीला सुयोग तिथे प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीला होता. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांचं केंद्र. म्हातारपणी माणूस आपल्या पोराचं नाव विसरतो, तेव्हा ती आठवण जळून गेलेली नसते, निदान बरीच वर्षं तरी नसते. तिच्याकडे जाणारी वाट बुजलेली असते. एक आठवण म्हणजे मेंदूतल्या काही हजार पेशी, एकदम जाग्या होणाऱ्या. 'दुवा'चे डॉक्टर कानामागे, कातडीखाली, हरभऱ्याच्या डाळीएवढी चिप बसवायचे. तिच्यापासून केसाहून बारीक तारा आत जायच्या. त्या चिपमध्ये आठवण एकही नसायची, नुसते पत्ते. कुठली हाक आली की कुठल्या पेशी जाग्या करायच्या, एवढंच. घरच्यांनी हाक मारली की चिप ती ऐकायची, पत्ता काढायची, त्या पेशींना हलवायची आणि वर्षभर भिंतीकडे बघत बसलेला माणूस मान वळवून म्हणायचा, "कधी आलास?"

बाहेर डॉक्टरांच्या टेबलावर पडदा असायचा. त्यावर प्रत्येक हाकेचा एक चौकोन. चौकोनाला बोट लावलं की खिडकी उघडायची आणि त्या हाकेला जोडलेल्या आठवणींची यादी दिसायची. हे सगळे चौकोन, सगळ्या खिडक्या सुयोगनं लिहिलेल्या.

आणखी एक सोय होती. तिला केंद्रात 'मोकळं करणं' म्हणायचे. एखादी आठवण माणसाला छळत असेल, जळितात सापडल्याची, अपघाताची, तर चिप उलटा ठोका द्यायची. दोन-तीन दिवसांत त्या पेशींची आपसातली गाठ सुटायची आणि मेंदू ती जागा दुसऱ्या कशासाठी तरी वापरायला मोकळा व्हायचा. त्याला डॉक्टरांची आणि नातेवाइकाची अशा दोन सह्या लागत. अकरा जणांवर हे केलं होतं आणि अकराही जण त्यानंतर शांत झोपत होते.

बारावी सुयोगची आई.

ती कवठेपिरानच्या मळ्यातली शैला चौगुले. १९८८ साली लग्न होऊन मगदुमांच्या घरात आली. नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, राजमती. आजेसासूचं नाव घरात चालत राहावं म्हणून. त्या दिवसापासून सासरी तिला कुणी शैला म्हटलं नाही आणि माहेरी कुणी राजमती म्हटलं नाही. नाव बदललं की माणूस बदलतं, अशी आपल्याकडे सगळ्यांची पक्की समजूत. लग्नाला आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले आणि मळ्यातली शैला तिथल्या तिथे संपवून टाकली.

सुयोगचा बाप, अण्णा, मारकुटा. दारू नाही, जुगार नाही, नुसता हात उठायचा. भाकरी गार लागली की उठायचा, गरम लागली तरी उठायचा. तो वारला तेव्हा गल्ली हळहळली, घरात कुणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

मेला तरी तो गेला नाही. आईला केंद्रात आणलं, चिप बसली, वाटा उघडल्या आणि सगळ्यात आधी अण्णाच आला. रोज दिवेलागणीला व्हरांड्यात पुरुषाचं पाऊल वाजलं की ती पलंगाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची, दोन्ही हात डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, "वाढते, लगेच वाढते, नको, वाढते." आता दैव बघा, सुयोगची चाल हुबेहूब बापाची. टाच आपटून चालायचा. त्यानं चपला बदलल्या, मोजे घालून आत यायला लागला. उपयोग शून्य. स्वतःच्या आईला आपल्या पावलांची धास्ती बसते, हे पन्नाशीच्या माणसानं रोज बघायचं आणि घरी जाऊन जेवायचं. कसं जेवायचं?

तिचा थोरला भाऊ भूपालमामा दर गुरुवारी यायचा. ऐंशीचा झालेला, काठीवर चालणारा. तो दारातूनच ओरडायचा, "शैले! ए शैले!" आणि तीच बाई, कोपऱ्यात आक्रसलेली, पाय खाली सोडून हसायची. "दादा, कालव्याला पाणी सुटलं का रं? मी बी येते पोहायला."

"बघ," मामा सुयोगला म्हणायचा. "ही आमची शैला. आम्ही ही दिलती तुमास्नी. ती दुसरी तुमच्या घरानं केली."

पडदाही तेच सांगत होता. नोंदणीच्या वेळी मामानं एका बाजूला बसून मळ्यातल्या गोष्टी सांगितल्या होत्या, सुयोगनं दुसऱ्या बाजूला बसून घरातल्या. पडद्यावर दोन चौकोन झाले. 'शैला'च्या खिडकीत कालवा, शाळा, चिंचेचं झाड, दादा. 'राजमती'च्या खिडकीत चूल, अण्णा, पट्टा, कोंडून घातलेली खोली. दोन खिडक्या, दोन याद्या. एकीतलं एक अक्षर दुसरीत नाही.

"ती दुसरी काढून टाक की," मामा एका गुरुवारी म्हणाला. "तुला येतंय नव्हं ते? आमची शैला तेवढी ठेव. जायच्या आधी चार दिस तरी सुखाचं काढू दे तिला."

सुयोगनं महिनाभर विचार केला. मग डॉक्टर शाहीन मुजावरांसमोर जाऊन बसला. बाई शहाण्या, तोलून बोलणाऱ्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "तुमचा जन्म कुठल्या खिडकीत आहे?"

सुयोगनं मान खाली घातली, तेव्हा त्यांनीच उत्तर दिलं.

"राजमतीच्या. तुमचं बाळंतपण, तुमची शाळा, तुमची मुंज म्हणा..."

"आमच्या जैनांतही मुंज असते, मॅडम. आहे त्यात. तीही राजमतीतच आहे."

"मग? राजमती मोकळी केली की त्या तुम्हाला ओळखणार नाहीत. कधीच."

"नाही ओळखलं तर नाही ओळखलं," सुयोग म्हणाला. बोलताना त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही. "नुसता मार वेगळा काढता येत नाही, तो सगळ्या घराला चिकटलाय. मला बघून ती डोक्यावर हात घेते, मॅडम. त्यापेक्षा परका झालेला बरा. मामाबरोबर हसेल तरी."

डॉक्टरांनी पेन उचललं नाही. आधी विचारलं, "आणि शैला? तिला धक्का लागणार नाही ना? आधी नक्कल घेऊन ठेवाल?"

"घेतली आहे. कालच. शैलाच्या पेशी एकमेकींना कशा बांधल्या आहेत, त्याची पूर्ण नक्कल चिपमध्ये वेगळी ठेवली आहे. काही झालंच तर तिच्यावरून परत उभं करता येईल."

त्याचा स्वतःवर विश्वास होता आणि डॉक्टरांचा त्याच्यावर. त्यांनी सही केली.

तो मंगळवार होता. दुपारचे चार वाजले होते, वॉर्डात चहाची किटली फिरत होती. सुयोग पडदा मांडीवर घेऊन आईच्या पलंगाशी बसला. आई त्या वेळी बरी असायची, पावलं वाजायची नाहीत ना. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी पाहिली आणि सहज, रोज दुपारी विचारावं तसं विचारलं, "जेवलास का रे बाळा?"

ही राजमतीच बोलत होती. मार खाऊन उठून, डोळे पुसून ज्या बाईनं त्याला ताट वाढलं होतं, ती. "जेवलो, आई," तो म्हणाला. "पोटभर जेवलो." मग त्यानं 'राजमती'च्या चौकोनावर बोट ठेवलं आणि ती गोंजारत असलेला आपला दुसरा हात सोडवून न घेता मोकळं करायचं बटण दाबलं.

पहिली संध्याकाळ. व्हरांड्यात वॉर्डबॉयच्या चपला वाजल्या. आई हलली नाही. सुयोग मुद्दाम टाच आपटत आत आला, बाहेर गेला, परत आत आला. ती शांतपणे पंख्याकडे बघत होती. त्यानं बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला. आनंदानं रडला. मामाला फोन केला, "मामा, गेली हो भीती. गेली!"

बुधवारी सकाळी मामा वार मोडून आला. "शैले!" ती हसली. मामाचा चेहरा उजळला. पण कालव्याचं तिनं काही विचारलं नाही. संध्याकाळी पुन्हा हाक मारली, तेव्हा नुसती मान वळली. गुरुवारी मामा दारात उभा राहून ओरडत होता, "शैले! अगं मी, दादा! शैले!" आणि पलंगावरची बाई पंख्याकडे बघत होती. तिला शैला माहीत नव्हती, राजमती माहीत नव्हती. तोंडात घास घातला तर ती गिळायची, एवढंच उरलं होतं.

"घाबरू नका," सुयोग म्हणाला. "नक्कल आहे माझ्याकडे." धावतच तो आपल्या खोलीत गेला आणि नक्कल उघडली.

खिडकी उघडली. आत यादी नव्हती, नुसतं पांढरं होतं.

मग त्यानं ते केलं, जे आधी करायला हवं होतं. नक्कल घेणारं फंक्शन काढून वाचलं. सोळा वर्षांपूर्वीचं, त्याच्याच हातचं. तेव्हा 'दुवा' नुकताच उभा राहत होता, चिपमध्ये जागा कमी होती आणि पडद्याला तर फक्त चौकोन दाखवायचा होता. म्हणून त्यानं आठवणीची नक्कल घेतलीच नव्हती. चिठ्ठीवरून दुसरी चिठ्ठी लिहिली होती. वर स्वतःच टीप घातली होती: 'तात्पुरतं. पुढे नीट करणे.' आपल्याकडे तात्पुरतं म्हणून जे ठेवतात ते कधी हलतं का? सोळा वर्षं ते तसंच राहिलं. त्यावर खिडक्यांमागून खिडक्या चढल्या आणि लिहिणारा विसरून गेला.

पण नक्कल नव्हती हे एक. शैला मग गेली कशी? त्यानं तर हात राजमतीला लावला होता. त्यानं दोन्ही चौकोनांचे पत्ते काढले आणि एकाखाली एक लिहिले. सोळा-सोळा आकडे. पहिला जुळला. दुसरा जुळला. शेवटपर्यंत सगळे जुळले. चिपच्या यादीत, चौकोन न काढलेली, 'आई' ही हाकही होती, तिचाही पत्ता तोच निघाला.

खिडक्यांतल्या याद्या वेगळ्या होत्या, कारण ज्यानं जे सांगितलं ते त्याच्या खिडकीत दिसावं अशी सोय सुयोगनंच केली होती. नातेवाइकांना बरं पडतं म्हणून. खाली, आत, बाई एकच होती. कालव्यात पोहणारी आणि पट्ट्याचा मार खाणारी, दादाला हाका मारणारी आणि बाळाला जेवलास का विचारणारी. तांदळात लिहिलेल्या नावानं दुसरी बाई जन्माला येत नाही, हे चिपला पहिल्या दिवशी कळलं होतं. मगदुमांना कळलं नाही, चौगुल्यांना कळलं नाही आणि बावीस वर्षं पॉइंटर शिकवणाऱ्या मास्तरला तर मुळीच कळलं नाही.

त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी पत्ते लिहिलेला कागद दोनदा वाचला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझीही सही आहे," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

परत आणायचं साधन नव्हतं. सुयोगनं रजा टाकली आणि आईच्या उशाशी बसला. दिवसभर एकच. "आई, चुकलं माझं. एकदा तरी बघ माझ्याकडे. बोल ना." सकाळी तेच, दुपारी तेच. शेजारच्या पलंगावरच्या बायकांनी तोंडं फिरवली. मामा त्या महिन्यात आला नाही, छातीत पाणी झालं म्हणून मळ्यावरच पडून होता. सुयोग मात्र एक दिवस चुकला नाही. ती पंख्याकडे बघायची आणि तो सांगत राहायचा. "आई, चुकलं माझं. एकदा तरी बघ माझ्याकडे. बोल ना."

सहाव्या आठवड्यात मामा उठून आला. काठीवर पुरता वाकलेला. दारातून त्यानं हाक मारली, मोठ्यानं नाही, सवयीनं. "शैले."

तिनं मान वळवली. ओठ हलले आणि कित्येक दिवस न वापरलेल्या खरखरीत आवाजात ती म्हणाली, "चुकलं माझं. एकदा तरी बघ माझ्याकडे. बोल ना."

मामाच्या हातातली काठी खाली पडली.

सुयोग तडक डॉक्टरांकडे पळाला. त्यांनी सगळं तपासलं आणि त्याला समोर बसवलं. "मोकळी जागा मेंदू मोकळी ठेवत नाही, सुयोग. तुम्ही 'आई' म्हटलं की चिप जुन्या पत्त्यावर जाऊन त्या रिकाम्या पेशी हलवत होती. तिला काय ठाऊक तिथे कुणी राहत नाही ते? पेशी जाग्या झाल्या की कानावर लगेच काय पडायचं? तुमचं पुढचं वाक्य. दिवसातून हजार वेळा. तेच तिथे बसलं. आता शैला म्हणा, आई म्हणा, त्या पत्त्यावर तेवढंच आहे."

"म्हणजे ती माफी..."

"त्यांची नाही. तुमची आहे. त्यात त्या कुठेच नाहीत." त्या थोड्या थांबल्या. "पत्ता पुसून टाकता येईल. तिथे शून्य घालायचं. मग कुठल्याच हाकेला काही येणार नाही, पण निदान ही विटंबना तरी थांबेल. या वेळी मामांचीही सही घ्या. रक्ताचं माणूस आहे."

सुयोगनं सहीचा कागद घेतला. शून्य घालायचं त्यानं तिथेच, खुर्चीतून उठतानाच ठरवलं. आपलं वाक्य आईच्या तोंडून ऐकणं त्याला सोसवणारं नव्हतं. त्या क्षणापासून त्यानं 'आई' हा शब्द जिभेवर येऊ दिला नाही.

वॉर्डात आला तर मामा पलंगावर तिच्याशेजारी बसलेला. तिचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि तो रडत बोलत होता.

"बघितलं न्हाई गं मी. तुझं खरंय. पाठीवर वळ घिऊन आलीस, उंबऱ्यात उभी राहिलीस, म्हणलीस दादा, एकदा बघ. मी बैलं धुवत होतो. मान वर केली न्हाई. म्हटलं बघितलं तर ठिवून घ्यावी लागंल. सांजच्या गाडीनं परत घातली तुला. शैले, तुझं कशाला चुकंल? माझं चुकलं."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "एकदा तरी बघ माझ्याकडे. बोल ना."

"बघतोय गं! हे बघ, बघतोय!" म्हाताऱ्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

सुयोगला हे ठाऊक नव्हतं. आई कधी पळून माहेरी गेली होती, हे कुठल्याच खिडकीत नव्हतं. मामानं ते नोंदवलं नव्हतं आणि ती आपल्या तोंडानं सांगणार नव्हती.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ऐका माझं. हे ती बोलत नाहीये. मी महिनाभर तिच्या कानाशी बडबडलो, तेच तिच्या तोंडून येतंय. ते शब्द माझे आहेत. ती नाहीये आत. यावर सही करा, आपण हे थांबवू."

मामानं कागदाकडे पाहिलं सुद्धा नाही. "काय थांबवू? पन्नास वर्सांनी बोलायला लागलीय ती माझ्याशी, तिचं तोंड बांधू? तुमच्या घरानं एकदा बांधलं, तेवढं पुरे."

"मामा, खरंच ती नाहीये हो."

"मग कोण हाय? सांग की. कोण हाय ही?"

कागद सुयोगच्या हातात तसाच राहिला. मामानं त्याचा सदरा धरून त्याला पलंगाशी खाली ओढलं, आईच्या अगदी तोंडासमोर बसवलं.

"तू बी हाक मार. मी आल्यापास्नं बघतोय, एकदा बी हाक मारली न्हाईस तिला. मार."

"नको, मामा."

"मार म्हणतो ना!"

तिचे डोळे पंख्याकडे होते. केस कुणीतरी नीट विंचरले होते. सुयोगचे ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"आई," तो म्हणाला.

ती वळली. त्याच्याच ढंगात, शब्दांच्या शेवटी त्याचा आवाज जसा फुटायचा तसाच आवाज फोडत तिनं त्याला सांगितलं, "चुकलं माझं. एकदा तरी बघ माझ्याकडे. बोल ना."

सुयोग खाली बघत राहिला.

"अरं, एवढी विनवतीया ती," मामा डोळे पुसत म्हणाला. "काय तरी बोल की तिच्याशी."